रनिंग कमी असलेली गाडी घेऊ, की बिलांची फाइल जाड असलेली?

वाचक लिहितात:

माझं वय ५२. मुलगा नोकरीसाठी बाहेर पडला. घरात आम्ही दोघं आणि एक मोठी गाडी. कॉलेजात असल्यापासून मला टप उघडणारी, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार हवी आहे. आता पैसे बाजूला टाकलेत, पण नवी घेण्याइतके नाहीत. जुन्या दोन माझदा एमएक्स-५ पाहून ठेवल्या आहेत. एक १९९० ची, लाल, हेडलाइट वर उघडणारी. रनिंग फक्त ४८ हजार किलोमीटर, बरीच वर्षं गॅरेजात झाकून ठेवलेली. दुसरी २००१ ची, हिरवी, १.८ लिटर इंजिनाची, १ लाख ६० हजार चाललेली. पण मालकाकडे प्रत्येक बिलाची फाइल आहे. मन लाल गाडीकडे ओढतं. घेतली तर फक्त रविवारी काढीन, एरवी कव्हर घालून ठेवीन, म्हणजे टिकेल. नवरा म्हणतो, "दोनच माणसं बसणार, छप्पर कापडाचं, आणि ११५ हॉर्सपॉवरला कोणी स्पोर्ट्स कार म्हणतं का?" भांडण नाही, पण मलाही आता वाटायला लागलंय की हा हट्टच आहे. काय करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

घ्या. हिरवी घ्या. आणि ती रविवारपुरती राखून ठेवायचा बेत आजच सोडून द्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. यजमानांच्या शंका त्यामानाने सोप्या आहेत, म्हणून आधी त्या हातावेगळ्या करू.

११५ हा आकडा नुसता पाहिला तर कमीच वाटणार. आज घरच्या साध्या गाडीतही याहून जास्त ताकद असते. पण पहिल्या पिढीची एमएक्स-५, म्हणजे तुमच्या लाल गाडीची, वजनाला ९५० किलोच्या आसपास भरते. बोनेट अॅल्युमिनियमचं, इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन पुढेमागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरखाली दोन दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब चौकट जोडली आहे. त्यामुळे अॅक्सिलरेटर दाबला की मध्ये कुठे ढिलाई जाणवत नाही, गाडी लगेच ओढ घेते. शून्यावरून शंभरला जायला तिला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. सरळ रस्त्यावर ती कोणाला मागे टाकणार नाही. तिची खरी मजा वळणावर आहे, तीही साठच्या वेगात. भरपूर ताकदीच्या गाडीत दुसरा गिअर पूर्ण ओढला तर वेगमर्यादा कधीच मागे पडलेली असते. हिच्यात मात्र इंजिन, गिअर, ब्रेक, स्टेअरिंग सगळं पुरेपूर वापरूनही तुम्ही कायद्याच्या आत असता. मला विचाराल तर स्पोर्ट्स कार म्हणावं ते यालाच.

दोन सीटची अडचण तुमच्याकडे नाहीच, कारण दारात मोठी गाडी उभी आहे. सामानाचं म्हणाल तर डिकी सव्वाशे लिटरच्या आसपास, म्हणजे दोन मऊ बॅगा नीट मावतात. कडक सुटकेस मात्र नेऊ नका, नुसती मनस्ताप देते.

आणि हट्ट म्हणाल, तर तो तुमच्या एकटीचा नाही. १९५८ साली आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९६२ ची एमजीबी या गाड्यांनी बेताच्या पगाराच्या माणसालाही उघड्या टपाची गाडी मिळवून दिली होती. १९८० मध्ये एमजीबीचं उत्पादन थांबलं आणि त्या जातीच्या गाड्या जवळपास संपल्या. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, बॉब हॉल या अमेरिकी मोटार पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं होतं की हलकी, स्वस्त, उघडी दोन सीटची गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. ती प्रत्यक्षात यायला दहा वर्षं गेली. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली तयार झालेली गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाड्यांत इतक्या दुसऱ्या कोणत्याच खपल्या नाहीत. तुमच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ असा: सुटे भाग मिळतात, दुखणी सगळ्यांना माहीत आहेत, आणि ती कुठे शोधायची हेही माहीत आहे. जुनी स्पोर्ट्स कार परवडते ती यामुळे. होंडा एस२००० इंजिनाच्या बाबतीत हिच्या पुष्कळ पुढे आहे, पण तिची किंमतही तशीच. टोयोटा एमआर२ ची शेवटची पिढी चालवायला फार गोड, पण इंजिन सीटच्या मागे असल्याने सामानाला जागा जवळपास शून्य. पहिली स्पोर्ट्स कार म्हणून एमएक्स-५ हीच निवड बरोबर आहे.

आता लाल गाडी. तिच्याकडे मन का ओढतं ते मला पूर्ण समजतं. बटण दाबल्यावर ते दोन हेडलाइट वर येतात तेव्हा कोणालाही हसू फुटेल. दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे तुमच्या हिरवीतही, ते गेले. पण वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आणि कमी चाललेली गाडी यांत फार फरक आहे. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा रबरी पट्टा), कूलंटचे पाइप, ब्रेकचे होज, इंजिनाचे ऑइल सील, टायर, दारांभोवतीच्या रबरी पट्ट्या हे सगळं उभ्या उभ्या कडक होतं, भेगाळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि ती ओल आतून धातू खाते. या गाड्यांत मागचे ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) आणि क्लचचा खालचा सिलिंडर हे दोन भाग आधी मान टाकतात. सिलिंडर स्वस्तातला, पण तो गळला की गिअर पडत नाही आणि गाडी रस्त्यातच राहते. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात. आणि कव्हरने गाडी जपली जाते असं आपल्याला वाटतं खरं, पण ओलसर जागेत तेच कव्हर ओल आत कोंडून ठेवतं.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. लाल गाडीवरचे टायर नक्षी भरलेले आणि चकचकीत असतील, पण ते आकडे बघितले की त्यांच्यावर पावसात बसायची तुमची इच्छा राहणार नाही.

१९९० च्या गाडीत आणखी एक गोष्ट खास तपासायची असते. १९८९ पासून साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं नाक आखूड होतं. बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही तर खाच झिजते, पुली लटपटते, आणि शेवटी क्रँकशाफ्टच बदलावा लागतो. ओळखणं सोपं आहे. बोनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या बाजूला खालची पुली बघा. तिच्या तोंडावर चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचं लांब, मजबूत नाक. चार खाचा दिसल्या म्हणून गाडी वाईट ठरत नाही. अशी कितीतरी इंजिनं सुखाने चालली आहेत. इंजिन सुरू असताना पुली एका रेषेत फिरत असेल तर ठीक, डुलत असेल तर नमस्कार करून निघा.

वर उघडणारे हेडलाइट हवेतच, असं मनाने घेतलंच असेल तर १९९२ ते १९९७ मधली, रोज चाललेली, फाइल असलेली गाडी शोधा. तीही मिळते. ते लाइट अडकले तर फार घाबरण्यासारखं नसतं. प्रत्येक मोटरवर रबरी टोपीखाली हाताने फिरवायची मूठ असते, ती फिरवून लाइट वर आणता येतो.

आता तुमची हिरवी. फाइल उघडून सगळ्यात आधी टायमिंग बेल्टचं बिल शोधा. साधारण एक लाख किलोमीटरला तो बदलतात, म्हणजे एकदा बदललेला असायलाच हवा. आणि तो बदलून किती वर्षं झाली हेही बघा. त्याच बिलात वॉटर पंप दिसला तर मालक समजूतदार आहे असं समजा, कारण बेल्टसाठी उघडलेल्या जागी पंप बदलणं थोड्या मजुरीत होतं. इंजिनाची मला काळजी नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं १.८ चं हे इंजिन १ लाख ६० हजाराला थकत नाही. काळजी आहे पत्र्याची. या गाडीत इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीट नव्या शिवता येतात. सडलेली चासी मात्र खिसा रिकामा करते.

दोन जागा बघायच्या. एक, दाराखालचा पट्टा मागच्या चाकाला जिथे भिडतो तो कोपरा. तिथे रंगाला फोड आला असेल तर गंज आतून बाहेर आलाय, आणि दिसतो त्यापेक्षा आत कितीतरी जास्त आहे. दुसरी जागा, पुढच्या चाकांच्या आसपास चासीचे जे दोन लांब दांडे इंजिनाखालून मागे जातात ते. दुसऱ्या पिढीच्या गाड्यांत या दांड्यांचा एक भाग दुहेरी पत्र्याचा आहे. दोन पत्र्यांमध्ये पाणी आणि चिखल अडकतो आणि वरून काही दिसण्याआधीच आतला पत्रा गेलेला असतो. उभ्याने हे कळत नाही. गाडी रॅम्पवर चढवायलाच लावा, खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढायला सांगा, आणि मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दांड्यावर टकटक करू द्या. खणखणीत आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर किंमत कितीही उतरवली तरी नको. मालक म्हणेल, "वरून पट्टी मारून देतो." अशा पट्टीखाली गंज तसाच वाढत राहतो, आणि ती जागा पुढच्या सस्पेन्शनचा भार घेणारी आहे.

पहिला गंज, मागच्या चाकाजवळचा, बहुतेक वेळा छपरामुळे येतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. टपावर पडलेलं पाणी मागे ओघळून सीटबेल्टच्या खांबांजवळच्या पन्हाळीत येतं आणि तिथल्या भोकांतून गाडीखाली पडतं. त्या भोकांत पानं, माती, केसाळ धूळ बसली की पाणी तुंबतं, दाराखालच्या पोकळीत आणि सीटमागच्या कार्पेटात उतरतं. म्हणून गाडी बघायला जाताना पेलाभर पाणी बरोबर न्या. मालकाला विचारून दोन्ही बाजूंच्या पन्हाळीत ते हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. मागच्या चाकाच्या पुढे लगेच धार लागली तर चांगलं. नाही लागली तर सीट पुढे घेऊन मागचं कार्पेट दाबून बघा, हाताला ओल लागते का. गाडी तुमची झाल्यावर ही भोकं वर्षातून दोनदा तरी मोकळी करा. मऊ, बोथट वायर पुरते. टोकदार काही घालू नका, आतला रबरी भाग फाटतो.

डिकीतली चटईही उचला. या पिढ्यांत बॅटरी डिकीत असते, आणि ती बंद प्रकारची, वाफ नळीने बाहेर सोडणारी लागते. कोणी स्वस्तातली साधी बॅटरी बसवली असेल तर आम्लाने तिथला पत्रा पांढरट होऊन खाल्लेला दिसतो.

कापडाच्या छपराला घाबरण्याचं कारण नाही. नीट वापरलं तर ते पुष्कळ वर्षं टिकतं आणि गेलं तर नवीन बसवून मिळतं. हिरवीत मागची काच खरीखुरी काच आहे, हे एक सुख. पहिल्या पिढीत तिथे प्लॅस्टिकची खिडकी असते. टप खाली करण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट झोपवावी लागते, नाहीतर घडी पडून ती धुरकट होते. दोन्हींत ओलं छप्पर दुमडून ठेवू नका, बुरशी धरते. ब्रश फिरणाऱ्या मशीनखाली गाडी घालू नका, हातानेच धुवा. आणि गाडी बाहेर उभी करताना पर्स, बॅग, काहीही सीटवर ठेवू नका. कापड कापायला ब्लेड पुरतं, आणि आत घ्यायला काही नसेल तर कोणी कापत नाही.

चालवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची मोठी गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर एक सवय मोडावी लागेल. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला की आपण घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडतो. पुढच्या चाकांच्या गाडीत ते बहुतेक वेळा खपून जातं. हिच्यात पाय झटकन उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि रस्ता ओला असेल तर मागची बाजू बाहेर जाते. नव्या गाड्यांत हे सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. या वयाच्या बहुतेक गाड्यांत नसते. म्हणून ब्रेक आणि गिअर बदलणं वळणाआधी, चाकं सरळ असतानाच उरका. वळणात अॅक्सिलरेटर हलकेच धरून ठेवा, आणि स्टेअरिंग सरळ व्हायला लागलं की वाढवा. हे अंगवळणी पडलं की गाडी तुमच्याशी बोलायला लागते: मागचं चाक सुटायच्या आधी सीटमधून, कमरेखाली कळतं. ओल्या मैदानावर सराव करून घेणारं प्रशिक्षण मिळालं तर पहिल्या महिन्यातच घ्या. टायरवर चार पैसे जास्त घाला, आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर एकही घालू नका.

आणखी एक गोष्ट यजमानांनाही वाचून दाखवा. पहिल्या दोन पिढ्यांत सीटमागे, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान कारखान्यातून येत नाही. नंतर बसवून मिळते, पण रोजच्या वापरात हेल्मेट नसतं, म्हणून डोक्याजवळ येणाऱ्या लोखंडी नळीवर जाड पॅडिंग हवंच. बसल्यावर पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून कमानीपर्यंत सरळ काठी आडवी धरून बघा. डोकं त्या काठीच्या खाली राहिलं पाहिजे, तरच कमानीचा उपयोग.

टप उघडा ठेवायला उन्हाची दुपार सगळ्यात वाईट. सकाळी, संध्याकाळी, आणि थंडीत तर नक्की उघडा. धावत्या गाडीत वारा पुढच्या काचेवरून जातो आणि मागून गोल फिरून मानेवर येतो, म्हणून थंडी समोरून कमी आणि मागून जास्त लागते. बाजूच्या काचा वर ठेवा, सीटमागे वारा अडवणारी छोटी जाळी लावा, हीटरचा झोत पायांवर सोडा. पाचसहा अंश तापमानातही मजेत जाल. ढगाळ हवेतही कपाळाला आणि हातांना सनस्क्रीन लावा, घट्ट बसणारी टोपी घाला. हायवेवर लांब जायचं असेल तर टप बंद करा. ताशी शंभरच्या वेगात वाऱ्याचा आवाज तासन्तास कानांवर घेणं बरं नाही, आणि सरळ रस्त्यावर टप उघडून मिळत काही नाही.

आता रविवारचा बेत. तुम्ही गाडी जपायचं म्हणून जे करणार आहात, तेच करून लाल गाडीची ती अवस्था झाली आहे. इंजिन नीट तापलं की ऑइलमधली ओल उडून जाते. ऑइल फिरत राहिलं की सील मऊ राहतात. ब्रेक वापरात असले की डिस्क स्वच्छ राहते आणि कॅलिपर मोकळे. बॅटरी भरलेली राहते. आणि गाडीपेक्षाही तुमचा विचार करा. तीस वर्षं थांबलात. आता मिळाल्यावर तिला आठवड्यातून एकदा भेटायचं, तेही हवा चांगली असली तरच? भाजी आणायला न्या, ऑफिसला न्या, बँकेत न्या. दंतवैद्याकडे जातानाचा रस्तासुद्धा हिच्यात बरा वाटतो, हे मी अनुभवाने सांगते. माझी गाडीही दुसऱ्या पिढीतली आहे आणि ती रोज बाहेर पडते. दगडाचे टवके उडतील, सीटला सुरकुत्या पडतील. त्यांनी गाडीची किंमत थोडी उतरली तर उतरू द्या.

मालकाला फोन करून एवढंच सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. थंड गाडीत दुसरा गिअर पहिल्या काही मिनिटांत थोडा अडखळला तर ते या गिअरबॉक्सचं नेहमीचं आहे. गाडी तापल्यावरही कर्कश आवाज करत पडत असेल तर त्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. पुढचे दांडे खणखणीत, बेल्टचं बिल फाइलमध्ये, पाण्याची धार खाली पडतेय, एवढं जमलं तर त्याच दिवशी बयाणा द्या. दांडे सडलेले निघाले तर मन घट्ट करून परत या. या गाड्या भरपूर बनल्या आहेत, दुसरी मिळेल.